मामीची गाठ आणि बिनपात्याची सुरी

नमस्कार श्रोतेहो.

“नाइफ म्हणजे सुरीच ना रे? मग डोकं उघडणार नाही म्हणतात ते कसं?” हा माझ्या मामीचा प्रश्न. डाव्या कानाला फोन लावला की तिला शब्द कळेनात. तपासण्या झाल्या आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातली, कर्करोगाची नव्हे, दीड सेंटिमीटरची. डॉक्टरांनी गामा नाइफ सुचवलं.

सुरी नावापुरतीच. कवटी न उघडता किरणांनी मेंदूतल्या नेमक्या जागी काम साधायचं, ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल या सर्जननं १९५१ साली मांडली. आजच्या यंत्रात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे १९२ स्रोत असतात. एकेक किरण इतका क्षीण, की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. सगळे एका बिंदूवर येऊन मिळतात तिथेच मारा जबर. थेंबे थेंबे तळे साचे. फक्त तळं साचतं ते गाठीत.

यासाठी डोकं तसूभरही हलून चालत नाही. मामीच्या डोक्याला धातूची चौकट चार स्क्रूंनी बसवली. (आता काही ठिकाणी चेहऱ्यावर घट्ट मुखवटाही वापरतात.) भुलीची इंजेक्शनं तेवढी झोंबली. यंत्रात तिनं चक्क डुलकी काढली. संध्याकाळी चौकट निघाली तेव्हा कपाळावर दोन लाल ठिपके, जागा चुकलेल्या टिकल्यांसारखे. केस होते तसेच.

घरी मात्र आम्ही नातवाला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. किरण बाहेरून येतात, अंगात काही उरत नाही, हे निघताना कोणी सांगितलं असतं तर पोर दोन दिवस रडलं नसतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “निघाली का गाठ?” अहो, ती काढतच नाहीत! तिच्या पेशींची वाढायची ताकद किरणांनी मोडते, तीही सावकाश. वाढ थांबली, की उपचार लागू पडला. सहा महिन्यांनी गाठ उलट थोडी मोठी दिसली. मामा त्या रात्री जेवला नाही. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून गाठीचा काळवंडलेला मध्यभाग दाखवला. ही किरणांनंतरची सूज असू शकते, थांबून पाहू, म्हणाले. दीड वर्षानं माप पुन्हा पहिल्यावर आलं.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर गाठ केवढी आणि मेंदूच्या देठावर दाबतेय का, हे आधी विचारा. साधारण तीन सेंटिमीटरच्या पुढच्या, दाबणाऱ्या गाठीला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. आणि कानाचंही विचारा. मामीनं विचारलं होतं. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू कमी होऊ शकेल, असं तिला स्पष्ट सांगितलं होतं.

आता ती फोन उजव्या कानाला लावते. जेवायला मामाला मात्र मुद्दाम डावीकडे बसवते.