अंबाळ्याच्या घाटावरून खिंडसीच्या पाळीवर

[दृश्य : सकाळ. अंबाळा तलावाचा काठ.]

नागपूरहून रामटेकला येणारी मंडळी बहुतेक थेट गडावर जातात. गाडी वरपर्यंत पोहोचते. रामाचं दर्शन होतं, माकडांपासून प्रसाद वाचवला की सहल आटोपली. आपण मात्र आज पायी निघालोय, आणि पाणी धरून चालणार आहोत. अर्ध्या दिवसाचा रस्ता.

रामटेकचा डोंगर नालासारखा वळलेला, आणि त्याच्या कुशीत अंबाळा. अंब नावाच्या राजाचा महारोग इथल्या आंघोळीनं गेला, अशी कथा सांगतात. आज लोक जास्त करून अस्थी घेऊन येतात. घाटाच्या पायरीवर पत्रावळ मांडलेली, तिच्यावर भाताचे पिंड, काळे तीळ, विझत आलेली उदबत्ती. शेजारी पोरगा डोकं भादरून घेतोय आणि न्हावी त्याला मान खाली घ्यायला सांगतोय. काठाला झेंडूची फुलं साचलीत, आणि त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशव्याही. पुढचं आम्ही चित्रित केलं नाही. कुणाच्या घरच्या दुःखात कॅमेरा घालायचा नसतो.

[दृश्य : पायऱ्या. झिजलेले दगड.]

तलावापासून जुन्या दगडी पायऱ्या गडावर चढतात. दम लागतोच. वर वराहाची भलीमोठी मूर्ती, आणि नरसिंहाची दोन देवळं, पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळची. तेव्हा राजधानी जवळच, आजच्या नगरधनला होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता लहान मुलांच्या वतीनं इथला कारभार पाहायची; तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीचा उल्लेख आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी हाच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. वाद आहेत, पण पावसाळ्यात इथं उभं राहिलं की वाद घालायची इच्छा होत नाही, हे खरं.

कठड्याशी या. अंबाळा पायाशी दिसतो, आणि पलीकडे, झाडीच्या मागं, खिंडसीचं पसरलेलं पाणी.

[दृश्य : उतार. सागाची पानं.]

वाटेवर कपूर बावडी लागते. कुंडाभोवती दगडी खांबांच्या ओवऱ्या, एका अंगाला देवीचं देऊळ. पाऊस झाला की पाणी खांबांना भिडतं, शेवाळ हिरवंगार होतं, आणि आत उतरायचा मोह होतो. उतरू नका, दगड निसरडे आहेत.

[दृश्य : खिंडसी. पाळ, पाणी, बगळे.]

खिंडसी म्हणजे सूर नदीवरचं मातीचं धरण, 1913 सालचं. बोटिंगसाठी गर्दी होते ती आता. धरण बांधलं ते धानासाठी, कालव्यांवरच्या शेतीसाठी. पण या भागात पाणी अडवायची कला इंग्रजांच्या आधीची आहे. रामटेक तालुक्यात आणि पुढं भंडारा-गोंदियाकडे जाल, तसे जुने मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या काळचे, भेटत जातात. सरकारी कागदात ते माजी मालगुजारी. लोकांच्या तोंडी मामा तलाव. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, जादा पाणी सांडव्यानं सोडायचं, खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाट द्यायचा. कोहळी समाजाचं या कामातलं कसब जुनं. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजार गेले ते बरंच झालं, पण गाळ उपसायची, पाट साफ ठेवायची गावाची जबाबदारीही त्यांच्यासोबत सैल पडली. आज अनेक तलावांत बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी माजलीय. जिथं ढिवर बांधव शिंगाडा लावतात, मासळी धरतात, तिथं मात्र तलावाकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं. पाळ खचली तर पहिली खबर त्यांनाच.

पाणपक्षी पाहायचे तर हिवाळा गाठा. वारकरी, अडई, कमळपक्षी, असे काठानं फिरताना दिसतात. दुर्बीण ठेवाच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटेचा काळ. मार्चनंतर नागपूरचं ऊन माहीत आहेच. त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा भरते, तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. परतीची बस रामटेक स्टँडवरून. निघण्याआधी इथल्या पानमळ्यांचं कपुरी पान खा, तंबाखू न घालता.