सोंगू का थांबू?

(दृश्य: पहाट. वावरावर धुकं. सोयाबीनची शेंग अगदी जवळून. संगीत नको, शेंगेचाच आवाज राहू द्या.)

हा आवाज ऐका. शेंग हलवली की आत दाणे वाजतात, तान्ह्या लेकराच्या खुळखुळ्यासारखे. पानं पिवळी पडून गळून गेली, शेंगा तपकिरी झाल्या, दाणे वाजायला लागले, म्हणजे सोयाबीन सोंगणीला, कापणीला आलं.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूचं हे शिवार. सप्टेंबर सरत आलाय, हस्त नक्षत्र लागलंय. पंचांगात या नक्षत्राचं वाहन कोणतं आहे ते पारावर वाचून झालंय, मोबाइलवरचा ढगांचा नकाशाही पाहून झालाय. तरी गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे: सोंगू का थांबू?

(दृश्य: तेच वावर, भर दुपार. माणसं बाभळीच्या सावलीत. मग पश्चिमेकडचं आभाळ.)

दुपारी ऊन असं चटकतं की पावसाळा संपला असं वाटावं. पण काळ्या मातीच्या पोटात अजून चार महिन्यांची ओल आहे. ऊन तापलं की ती वाफ होऊन वर चढते. तीन-साडेतीनच्या सुमारास पश्चिमेला ढग उभे राहतात, जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीसारखे पांढरेशुभ्र. तासाभरात त्यांची बुडं काळी होतात.

श्रावणातली झड वेगळी. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतं. आधी गडचिरोली-गोंदिया भिजतं, मग नागपूर-वर्धा, मग आमचं वऱ्हाड. तो पाऊस दुरून येतो, म्हणून त्याची चाहूल तीन-चार दिवस आधी लागते. परतीचा पाऊस जागच्या जागी शिजतो. अर्धा-पाऊण तास कोसळतो आणि विरून जातो. नाल्याच्या अलीकडे पाटाचं पाणी, पलीकडच्या रस्त्यावर फुफाटा. इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं हे डोळ्यांनी पाहिलंय.

(दृश्य: ओट्यावर बसलेल्या काकू, हातात मोबाइल. शुक्रवारची संध्याकाळ. पडद्यावरची अक्षरं जवळून.)

मंगळवार आणि शुक्रवार. आठवड्यातून दोनदा कृषी हवामान सल्ला येतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज हवामान खात्याचा आणि पिकाचा सल्ला कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा. विदर्भासाठी हे काम अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ करतं. 2019 साली आलेल्या मेघदूत ॲपवर तो मराठीत वाचता येतो.

काकूंकडे चार एकर आहे. सोयाबीन, मध्ये तुरीची तासं, धुऱ्याकडे म्हणजे बांधाच्या बाजूला थोडी कापसाची पऱ्हाटी. त्या शुक्रवारी फोनवर होतं: शनिवारी आकाश अंशतः ढगाळ, रविवारी तुरळक ठिकाणी हलका पाऊस, सोमवारी काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, मंगळवारपासून उघाड.

आता हे शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण गावात सगळी गल्लत इथेच होते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडासा पाऊस नव्हे. पाऊस मोजणाऱ्या शंभर ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. हे शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतात, किती जोरात पडेल ते सांगत नाहीत. तुरळक ठिकाणी मुसळधारही पडू शकतो. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळा इशारा आला आणि दिवसभर ऊन पडलं, म्हणून तो इशारा खोटा ठरत नाही.

आपलं वावर त्या पंचवीसमध्ये आहे की उरलेल्या पंचाहत्तरमध्ये, एवढं मात्र तो अंदाज सांगू शकत नाही. मे 2025 पासून देशात 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणाली सुरू झाली. पूर्वी हीच चौकट 12 किलोमीटरची होती. ही मोठी झेप आहे, मनापासून कौतुक करावं अशी. तरी 6 किलोमीटरच्या चौकटीत चार-पाच गावं, त्यांचे नाले आणि शेकडो धुरे मावतात.

(दृश्य: स्वयंचलित हवामान केंद्र. कुंपण, पांढरा खांब, वर फिरणाऱ्या वाट्या. कुंपणाला अंग घासणारी बकरी. हे दृश्य लांब ठेवा.)

हे महावेध, राज्य सरकारच्या प्रकल्पातलं स्वयंचलित हवामान केंद्र. 2017 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला पहिलं केंद्र सुरू झालं आणि पुढे महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे राज्यभर दोन हजारांवर उभी राहिली. वरच्या तीन वाट्या वाऱ्याचा वेग मोजतात, शेजारचा बाण दिशा दाखवतो. ही थाळ्यांची उतरंड दिसतेय, तिच्या आत तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणं असतात. ऊन थेट लागू नये पण वारा खेळावा, म्हणून ही थाळ्यांची रचना. आणि तो गोल डबा, तो पर्जन्यमापक.

डब्याच्या आत काय असतं ते पाहण्यासारखं आहे. वरच्या गाळणीतून पाणी खाली येतं आणि एका छोट्या पळीत पडतं. पळ्या दोन, तराजूसारख्या एका दांडीवर बसवलेल्या. एक ठरल्या मापाइतकी भरली की कलते, रिकामी होते आणि दुसरी तिच्या जागी येते. टक्. पुन्हा टक्. प्रत्येक टक् म्हणजे मिलिमीटरचा ठरलेला हिस्सा. यंत्र फक्त टक्-टक् मोजतं आणि दर दहा मिनिटांनी आकडा पाठवून देतं. पाऊस ढगफुटीसारखा असो की रिमझिम, हिशेब तोच. फक्त गाळणीत लिंबाची काडी अडकायला नको. ती अडकली, तर पाऊस बाहेर पडतो आणि आकडा शून्याजवळ राहतो. म्हणून या डब्याची सफाई हे बारीकसारीक काम नाही. जे लोक ती वेळेवर करतात, ते गावाचं मोठं काम करतात.

कारण याच आकड्यावर पुढचं बरंच ठरतं. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि मदतीची वाट तिथून सुरू होते. मंडळ मोठं असतं, खांब एकच असतो.

(दृश्य: काकूंच्या वावरातला खांब. त्याला तारेनं बांधलेलं माप. दूरवर नाला. पलीकडे त्यांच्या जावेचं वावर आणि तिथलंही माप.)

आणि म्हणून हे. दोन वर्षांपूर्वी काकूंनी वावरात स्वतःचं माप बसवलं. पारदर्शक, उभ्या भिंतीचं, बाजूला मिलिमीटरच्या खुणा. झाडापासून, गोठ्यापासून लांब, तोंड आभाळाकडे मोकळं. तळाला आणि तोंडाला सारखंच रुंद असलेलं कोणतंही सरळ भांडं चालतं, कारण पाऊस मोजायचा म्हणजे साचलेल्या पाण्याची उंची मोजायची. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. एकराच्या हिशेबानं साधारण 4 हजार लिटर. 65 मिलिमीटर पडला तर एका एकरावर अडीच लाख लिटरहून जास्त पाणी ओतलं गेलं. हे गणित एकदा ध्यानात आलं की ‘थोडा पाऊस झाला’ आणि ‘लय पाऊस झाला’ हे शब्द पुरेनासे होतात.

रोज सकाळी साडेआठला माप वाचायचं. हवामान खात्याची वेळ हीच, म्हणून काकूंचीही हीच. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, त्यासाठी गुडघे टेकायचे. पाण्याची कड भिंतीला किंचित वर चढलेली असते, आकडा मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. मग पाणी ओतून द्यायचं, माप पदरानं पुसायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, नक्षत्र, आपलं वावर, नाल्यापलीकडचं वावर.

(दृश्य: वही. पानं एकेक उलटताना. आकड्यांवर बोट.)

वहीचं हे पान बघा, ऑगस्टचं. एकाच रात्री अलीकडे 31, पलीकडे 6. दोन मापांच्या मध्ये अर्धा किलोमीटरही नाही.

हळद लागलेल्या बोटाच्या खुणा, मोडलेलं टोक, मध्येच दूधवाल्याचा हिशेब. आमच्या मते या वहीला गावच्या सातबाऱ्याइतकीच किंमत यायला हवी. प्रत्येक गावात चार दिशांना चार मापं आणि अशी एक वही, एवढीच तर गोष्ट आहे. जून महिन्यातही हीच वही कामी येते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण ते 75 आपल्या वावरात झाले की नाही, हे मापाशिवाय कळणार कसं?

ही वही आता आणखी मोलाची, कारण जिल्ह्याच्या पातळीवर हवामान सल्ला देणारी 199 केंद्रं देशभर कृषी विज्ञान केंद्रांमधून चालत होती. ती 2024 च्या सुरुवातीला बंद झाली.

(दृश्य: शनिवार. विळे. सोंगणाऱ्या बाया, वाकलेल्या पाठी. कापलेल्या सोयाबीनच्या ओळी.)

काकूंनी ठरवलं: सगळं सोंगायचं नाही. उंचवट्यावरचे दीड एकर शनिवारी सोंगायचे, कारण तिथल्या शेंगा तडकायला लागल्यात. खोलगटातलं अजून हिरवट आहे, ते मंगळवारच्या उघाडीला. उभ्या पिकावर पाऊस पडला तर शेंग वाऱ्यानं वाळते. सोंगून पसरलेल्या पिकावर पडला, तर खालच्या शेंगा मातीला चिकटून राहतात आणि दाण्याला कोंब फुटतो.

(दृश्य: रविवार दुपार. गंजी रचणं. ताडपत्री. ढग.)

गंजी घालण्याची रीत आहे. आधी उंच जागा, खाली तुराट्यांचा थर, म्हणजे बुडातून ओल चढणार नाही. शेंगांची बाजू आत, बुडखे बाहेर. वर निमुळतं करत न्यायचं, पाणी थांबायला नको. ताडपत्रीच्या चारही टोकांना दगड, आणि वाऱ्याच्या बाजूला दोरीचा जास्तीचा पेच. भोवती हातभर चर. पोरगा दगड आणतोय, काकू वर चढून दाबतायत. इकडे फोनवर दामिनी ॲपचा वीज पडण्याचा इशारा वाजला. बायांना झाडाखालून उठवलं, सगळे घराकडे निघाले.

त्याच पावसाची तूर वाट पाहतेय. हरभऱ्याच्या पेरणीलाही हीच ओल हवी. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ म्हणतात ते याचसाठी. एकाच वावरात एका पिकाला पाऊस नको असतो आणि शेजारच्या तासाला हवा असतो.

(दृश्य: बाजार समितीचं आवार. ओलावा मोजायचं यंत्र, त्यात टाकलेली मूठभर सोयाबीन. थोडक्यात.)

हमीभावानं विकायचं तर दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या हंगामात केंद्रानं तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला होता. भिजलेलं बियाणं पुढच्या वर्षीही नडतं. ऑक्टोबर 2019 च्या पावसानंतर जून 2020 मध्ये किती तरी वावरांत सोयाबीन उगवलंच नाही.

(दृश्य: सोमवार सकाळ. ओली वाट, चिखलातली पावलं. ताडपत्रीवर साचलेलं पाणी. काकू माप वाचतायत. निवेदन हळू.)

रात्री पाऊस येऊन गेला. ताडपत्री एका कोपऱ्यात सुटली होती, पोरानं पहाटेच जाऊन बांधली. काकू गुडघे टेकून बसल्यात. मापात एक पाखरू पडलंय, ते आधी काडीनं बाहेर काढलं. मग आकडा वाचला.

(काकूंचा आवाज जसाच्या तसा ठेवा. वहीवर पेन.)

अलीकडे 22. पलीकडचं माप अजून वाचायचंय. नाल्याला पाणी आहे, म्हणून त्या धुऱ्यावरूनच जावेला हाक मारतायत.