हे खरे आहे काय? : सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारण्याची रीत

[दृश्य : छापील प्रश्नोत्तर यादीचं पान. कॅमेरा एकेका ओळीवरून सावकाश खाली सरकतो.]

‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची मोठी गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

या साच्यातले प्रश्न महाराष्ट्र विधानमंडळाच्या यादीत पानोपानी सापडतात. गाव बदलतं, खातं बदलतं, साचा तोच राहतो. आधी वस्तुस्थिती कबूल करायला लावायची, मग चौकशी, निष्कर्ष, कार्यवाही आणि शेवटी विलंबाचा जाब. रचना पक्की आहे. पण तिचा सगळा भार पहिल्या भागावर आहे. तिथे ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं, की खालच्या चारही भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढंच छापून येतं.

वरच्या प्रश्नात नेमकी हीच फट राहिली आहे. पहिल्या भागात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत : पदं रिक्त आहेत हे एक, आणि रुग्णांची गैरसोय होते हे दुसरं. रिक्त पद हजेरीपटावर दिसतं, ते नाकारता येत नाही. गैरसोय मात्र मोजून दाखवलेली नाही. म्हणून खात्याचं उत्तर येतं, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि पुढे जोडलं जातं, की शेजारच्या केंद्रातल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार देऊन रुग्णसेवा सुरळीत ठेवण्यात आली आहे. छापील उत्तर नियमात बसतं, आणि दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेनं लिहून पाहा. अमुक तारखेला तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्यांपैकी त्या केंद्रात प्रत्यक्ष काम करणारे किती? प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेले किती, दीर्घ रजेवर किती, पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले किती? कंत्राटी नेमणुका किती आणि त्या भरलेल्या पदांत धरल्या आहेत काय? यात ‘मोठी गैरसोय’, ‘जनतेत असंतोष’ असला एकही शब्द नाही, त्यामुळे नाकारण्यासारखंही काही उरत नाही. भरलेलं पद आणि कामावर हजर असलेला डॉक्टर यांच्यातलं अंतर या रकान्यांतूनच उघडं पडतं.

पाण्याच्या बाबतीतही तेच. जल जीवन मिशनचं उद्दिष्ट आहे माणशी दररोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं, नियमित पाणी. नळजोडण्या किती दिल्या असं विचारलं, की जोडण्यांचाच आकडा मिळतो. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस पाणी आलं, माणशी किती लिटर आलं, पाण्याचे नमुने कोणत्या तारखांना तपासले, त्यांपैकी किती पिण्यास अयोग्य ठरले, हे विचारलं तरच कोरड्या नळाची नोंद सरकारी कागदावर येते.

[दृश्य : विधान भवन, मुंबई. प्रवेशद्वार, फायलींचे गठ्ठे, संगणकाचा पडदा.]

प्रश्न कुठल्या सभागृहात विचारायचा, हेही आधीच ठरवावं लागतं. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतले विषय आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिक्त पदांबद्दल लोकसभेत विचारलं, तर विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे असं उत्तर मिळतं आणि हातचं अधिवेशन वाया जातं. केंद्राचा पैसा ज्या योजनेत आहे, तिचा निधी किती मंजूर झाला, किती सोडला, किती खर्चाचा हिशेब परत आला, हे मात्र दिल्लीत विचारता येतं. रेल्वे, टपाल आणि राष्ट्रीय महामार्ग हे दिल्लीचे विषय. जिल्हा परिषदेची शाळा आणि एसटीची फेरी राज्याची.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि सोमवार ते शुक्रवार प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न स्वीकारले जातात, त्यांत तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा, एकच. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३०. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६०. क्रम सोडतीनं लागतो, त्यात ज्येष्ठतेचा किंवा पक्षाचा संबंध नसतो.

तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या बाबींसाठी असतो, पण त्याला मंत्र्यांची संमती लागते. याशिवाय महाराष्ट्राच्या विधानसभेत नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना, म्हणजे एखाद्या तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, देता येते. ताज्या घटनेसाठी आमदार बहुधा तिचाच आधार घेतात.

अतारांकित प्रश्नाला कमी लेखण्याची सवय चुकीची आहे. जिल्हावार, वर्षवार आकडे हवे असतील तर तोच उपयोगी. त्याला सोबत लांब विवरणपत्र जोडता येतं. आधीच्या अधिवेशनात अतारांकितमधून आकडे काढायचे आणि पुढच्या अधिवेशनात त्यांच्या बळावर तारांकित लावायचा, ही अभ्यासू सदस्यांची जुनी पद्धत आहे.

आता प्रश्न नाकारले का जातात ते पाहू. लोकसभेच्या नियमानुसार प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप नसावा. मंत्र्यांचं मत विचारू नये, ‘असं झालं तर काय कराल’ असं काल्पनिक विचारू नये. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. सहज मिळणाऱ्या प्रकाशनात असलेली माहिती मागितलेली चालत नाही. पूर्वी उत्तर दिलेला प्रश्न फिरून विचारता येत नाही. व्यवहारात सर्वांत जास्त अडतं ते नेमकेपणावाचून. ‘राज्यातील आरोग्य व्यवस्था कोलमडली आहे’ हे भाषणातलं वाक्य झालं, प्रश्नात त्याला जागा नाही.

[दृश्य : मंत्रालय. लांब मार्गिका, टेबलावर ‘विधिमंडळ तातडीचे’ अशी चिठ्ठी लावलेली फाईल.]

स्वीकारलेला प्रश्न खात्यात गेला, की तो संबंधित कार्यासनाच्या, म्हणजे त्या विषयाच्या शाखेच्या, कक्ष अधिकाऱ्याकडे येतो. तिथून संचालनालय, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, आणि त्याच वाटेनं माहिती परत वर. विलंब आणि चुका या प्रवासात होतात. माहिती मागवण्याचा नमुना प्रत्येक टप्प्यावर थोडा बदलतो. एका तालुक्याची आकडेवारी मार्चअखेरची, दुसऱ्याची जूनअखेरची, बेरीज मात्र एकच. कोणी कंत्राटी डॉक्टर भरलेल्या पदांत धरतो, कोणी धरत नाही. एखाद्या तालुक्यातून ‘निरंक’ एवढाच शब्द येतो, आणि तिथे खरोखर काही घडलं नाही की कोणी पाहिलंच नाही, हे वर बसलेल्याला कळत नाही. म्हणून प्रश्नात तारीख घालायची. एका तारखेची स्थिती मागितली, की सगळ्यांना त्याच दिवसाचं मोजावं लागतं.

उत्तराचा मसुदा उपसचिव, सचिव असं करत मंत्र्यांच्या मान्यतेला जातो. त्यासोबत उपप्रश्नांसाठी एक वेगळी टिपणी तयार होते. सदस्य काय काय विचारू शकतील आणि प्रत्येकाला काय उत्तर द्यावं, हे तिच्यात असतं. ती जाहीर होत नाही. सभागृहात मंत्र्यांच्या हाती असते ती हीच फाईल.

[दृश्य : सभागृहाचं संग्रहित चित्रीकरण. अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक पुकारतात.]

लेखी उत्तर सदस्यांच्या हाती आलेलं असतं, त्यामुळे मंत्री बहुधा ते पुन्हा वाचत नाहीत. खरा सामना उपप्रश्नांपासून सुरू होतो. या हक्काला इतिहास आहे. १८९२ च्या कायद्यानं कायदे मंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर आलं की बोलणं संपलं. उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९ च्या सुधारणांनंतर, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. इतर सदस्यांना तो हक्क मिळाला १९१९ च्या कायद्यानंतर. परकीय सरकारला प्रश्नापेक्षा उपप्रश्नाची धास्ती का होती, हे आजचा कोणताही प्रश्नोत्तराचा तास पाहिला तरी समजतं : लेखी उत्तर कार्यालयात बसून लिहिता येतं, उपप्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं.

लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, त्यानंतर इतरांना अध्यक्षांच्या परवानगीनं. ६० मिनिटं आणि २० प्रश्न. सगळे तोंडी होणं जवळजवळ अशक्य, उरलेल्यांची उत्तरं लेखी मानली जातात. गोंधळात सभागृह तहकूब झालं, तर पहिल्या क्रमांकाचा प्रश्नही बुडतो.

दोन उपप्रश्नांची संधी बहुतेकदा वाया जाते ती प्रस्तावनेत. सदस्य दोन मिनिटं परिस्थिती सांगतात, मग एका दमात चार प्रश्न विचारतात. मंत्री त्यांतला सर्वांत सोपा निवडतात आणि बाकीचे तिथेच राहतात. एका वेळी एकच विचारावं, आणि ते लेखी उत्तरातल्याच एखाद्या आकड्यावर टेकवलेलं असावं. ‘अध्यक्ष महाराज, उत्तरात म्हटलं आहे की नऊ पदं भरलेली आहेत. त्या नवांपैकी आज किती जण त्याच केंद्रात काम करत आहेत?’ टिपणीत हा आकडा नसेल तर अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी येते. चिठ्ठीही आली नाही, तर मंत्र्यांना माहिती घेऊन सांगतो असं म्हणावं लागतं. तेवढ्यात दुसरा उपप्रश्न यायला हवा : ‘कोणत्या तारखेपर्यंत?’

समाधान झालं नाही तर पीठासीन अधिकारी प्रश्न राखून ठेवण्याचा निर्देश देऊ शकतात, म्हणजे तो पुन्हा चर्चेला येतो. दुसरा मार्ग अर्धा तास चर्चेचा, म्हणजे त्या उत्तरावर वेगळी चर्चा मागायची. तिसरं, नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘सदस्यांसोबत माझ्या दालनात बैठक घेऊ’. कधी कधी अशा बैठकीत काम खरोखर होतं. पण तिथलं बोलणं सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जात नाही. पुढच्या वर्षी ते दाखवून कोणालाही जाब विचारता येत नाही. म्हणून बैठक मान्य करतानाच, निर्णय अमुक तारखेपर्यंत सभागृहाच्या पटलावर ठेवावा, असं वदवून घेणं गरजेचं आहे.

उत्तरावर चिकाटीनं धरून बसलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण १९५७ चं. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले होते. विषय लोकसभेत प्रश्नाच्या रूपानं आला, सरकारी उत्तरानं समाधान झालं नाही, आणि सत्तारूढ पक्षाचेच खासदार फिरोझ गांधी यांनी तो सोडला नाही. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. या हक्काचा बाजारही झालेला आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेनं ११ सदस्यांचं सदस्यत्व रद्द केलं, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १.

[दृश्य : कामकाजाच्या इतिवृत्ताचं पान. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ.]

मंत्र्यांनी ‘तपासून कार्यवाही करू’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ असं म्हटलं, की ते आश्वासन ठरतं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून काम करते, सदस्य १५. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. न जमल्यास मंत्रालय मुदतवाढ मागतं, किंवा आश्वासन वगळावं अशी विनंती करतं, आणि ती मान्य करायची की नाही हे समिती ठरवते. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. ‘विचार करू’ इतकं मोघम बोलणं आणि ‘३१ मार्चपूर्वी पदं भरू’ हे बोलणं, दोन्ही आश्वासनात मोजली जाऊ शकतात. पण समितीपुढे सचिवांना विलंबाबद्दल नेमकं विचारता येतं ते दुसऱ्याबद्दल.

आपल्या गावातल्या दवाखान्याचा किंवा नळाचा प्रश्न आमदारांकडे नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तक्रारीचा लांबलचक अर्ज आमदारांच्या स्वीय सहायकाला प्रश्नात बसवता येत नाही. केंद्राचं नाव, मंजूर पदं, डॉक्टर नसलेल्या दिवसांच्या तारखा, केलेल्या अर्जांचे आवक क्रमांक आणि माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर असेल तर त्याची प्रत, इतकं एका पानावर द्यावं. तेही अधिवेशन तोंडावर आल्यावर देऊन उपयोग नाही, कारण तोवर सूचनेची मुदत उलटलेली असते. उत्तर छापून आल्यावर त्याची प्रत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, आणि प्रश्न क्रमांक, तारीख, आश्वासनाचे नेमके शब्द लिहून ठेवावेत. उत्तरातला आकडा गावातल्या हजेरीपटाशी जुळत नसेल, तर तो फरक पुराव्यासह पुन्हा आमदारांच्या हाती द्यावा. सभागृहात दिलेली माहिती चुकीची निघाली, तर ती सभागृहातच दुरुस्त करावी लागते.