पोपटमासा खातो तरी काय?

नमस्कार मंडळी, आज पोपटमाशाबद्दल बोलूया. मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंग केलेल्यांनी हा कदाचित बघितलाही असेल, हिरवा-निळा, मध्येच गुलाबी, आणि तोंड म्हणाल तर खरोखर पोपटाची चोच. ती चोच म्हणजे एकमेकांना चिकटलेले दात, साधारण १०००, पुढचे झिजले की मागचे पुढे सरकतात.

आणि झिजणारच ना, दिवसभर हा खडक चावत असतो, पाण्याखाली कट्-कट् ऐकू येतं. लोक म्हणतात पोवळं खातो, नासाडी करतो. तसं नाही हो! काही जाती जिवंत पोवळं चावतात, खरंय, पण बहुतेकांना हवं असतं ते खडकावरचं शेवाळ आणि त्यातले, अगदी खडकाच्या आत शिरलेले सूक्ष्म जीव, मग ते मिळवायला खडकासकट घास घ्यावा लागतो. घशात आणखी दात आहेत, तिथे त्याचं पीठ होतं, जठर नाहीच याला, थेट आतडं, आणि न पचलेलं सगळं वाळू होऊन बाहेर! मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. मालदीवच्या वक्कारू बेटाचा अभ्यास २०१५ मध्ये आला, तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूतली ८५ टक्क्यांहून जास्त या माशांची निघाली. आपल्या मिरामारची वाळू वेगळी, ती मांडवीची आणि समुद्राची.

मला स्वतःला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शेवाळ माजलं तर पोवळ्याच्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही, ती जागा हा मासा चरून मोकळी करतो. बेलीझ देशाने तर २००९ मध्ये याच्या मासेमारीवर बंदीच घातली.

रात्री काही जाती तोंडातून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी करतात नि आत झोपतात, रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांपासून वाचायला, म्हणजे मच्छरदाणीच की! शिवाय बऱ्याच जातींत मादीचा पुढे नर होतो, रंगही बदलतो, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

तर ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की बेटावर जाल तेव्हा बोटीवरून माशांना ब्रेड, बिस्किटं टाकू नका, प्लीज. गाईडने हातात दिलं तरी नको म्हणा. खडकाजवळ शांत तरंगत राहा, तो आपणहून चरताना दिसेल.