बेकार बंड्याला काम मिळालं

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय डॅशहाउंडबद्दल. लांबुळकं अंग, आखूड पाय, लोंबते कान, ओळखलंत ना? तोच. आणि पिल्लू नव्हे बरं का. चांगला वाढलेला, अंगात रग असलेला आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणलेला.

आमचा बंड्या आला तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याआधी दोन घरांनी त्याला परत आणून सोडलं होतं. कारण दोन्हीकडे एकच, सामान फाडतो. मी बघायला गेले तेव्हा तो कोपऱ्यात फरशी उकरत होता. फरशी! तिथे त्याचं बघणारे काका म्हणाले, "ताई, हा द्वाड नाही, बेकार आहे. त्याच्या पंजांना काम नाही." मी मान डोलावली. खरं म्हणजे तेव्हा मला ते कळलंच नव्हतं.

कळलं ते तिसऱ्या रात्री.

साडेदहा वाजले असतील. जेवणं झाली, ओटा पुसला, वळून बघते तर बंड्या नाही. हे मघाशी कचरा ठेवायला बाहेर गेले होते आणि दार अर्धवट उघडं राहिलेलं. पोटात गोळाच आला माझ्या. टॉर्च घेऊन आम्ही दोघं निघालो. उभ्या गाड्यांखाली वाकून बघितलं, कुंपणांमागे बघितलं. "बंड्या, बंड्या" म्हणून मी हाका मारत होते आणि मधेच थबकले. हे नाव आम्ही तीन दिवसांपूर्वी ठेवलेलं. ते आपलं आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं? मी हाक मारत होते ती कुणाला? तिथेच रडू फुटलं मला.

साडेबाराला घरी आलो. मी पलंगाच्या कडेला बसले, पायथ्याशी ठेवलेल्या जाड रजईवर हात टेकला आणि रजईने सुस्कारा टाकला. खरंच टाकला! उचलून बघते तर एका कोपऱ्याची शिवण उसवलेली, आतला कापूस ओढून पलंग आणि भिंत यांच्या फटीत नीट ढकललेला आणि रजईच्या पोटात हातभर लांब बोगदा. बोगद्याच्या टोकाला बंड्या. हनुवटीखाली माझी एक चप्पल. दोन तास आम्ही गल्ली पालथी घातली आणि हा पलंगावर, आपण खणलेल्या बिळात, गाढ झोपलेला. तीन दिवसांत पहिल्यांदा तो असा झोपला होता. मला रागवायचं होतं, पण राग आलाच नाही. त्या रात्री आम्ही दोघं अंग चोरून कडेला झोपलो. रजई त्याची.

तर काकांचं म्हणणं हे होतं. मूळ जर्मन नाव डाक्सहुंड. डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ करून राहणारा दणकट पंजांचा प्राणी; हुंड म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला भिडायचं, यासाठीच ही जात तयार केली गेली. आखूड पाय त्यासाठी, रुंद छाती त्यासाठी आणि जमिनीखालूनही ऐकू येईल असा तो भारदस्त आवाजही त्यासाठीच. तेव्हा उकरणं ही खोड नव्हे, ते त्याचं काम आहे. पुन्हा सांगते, उकरणं हे त्याचं काम आहे.

मग काम द्या. मोठ्या खोक्यात जुने कपडे भरा, तळाशी त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे लपवा आणि शोधू दे त्याला. दिवसातून दोनदा फिरवा, पट्टा गळ्याला नको, छातीचा घ्या. फिरताना हुंगत थांबला तर ओढू नका. पसारा होतो, हो, होतो. पण माझं अगदी ठाम मत आहे, घरात एक कोपरा पसाऱ्याचा असावाच. हल्ली घरं अशी चकचकीत ठेवतात की मुलांनाही कागद कापायला जागा उरत नाही. पाहुणे चार तास येतात, आपण रोज राहतो! असो.

आता महत्त्वाचं, त्याची पाठ. या जातीचे पाय आखूड होण्यात ज्या एका जनुकीय बदलाचा वाटा आहे, त्यानेच मणक्यांमधल्या चकत्या अकाली कडक होतात. हा बदल २०१७ साली शोधला गेला. साधारण पाचांतल्या एका डॅशहाउंडला पाठीचा त्रास कधी ना कधी होतोच. म्हणून सोफ्यावरून उडी नको, उतरती फळी लावा. वजन वाढू देऊ नका. आणि उचलताना दोन हात. एक छातीखाली, एक मागच्या अंगाखाली. घरातल्या मुलांनाही शिकवा, दोन हात. पाठ कमानीसारखी वर आली, उचलताना विव्हळला, मागचे पाय लटपटले किंवा फरफटले, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या.

बंड्याला नावाला ओ द्यायला तीन आठवडे लागले. घर आपलं वाटायला तीनेक महिने. वयाने मोठ्या कुत्र्याला हा वेळ लागतोच, दहाव्या दिवशी परत नेऊन सोडू नका हो.

निवाऱ्यात जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. आधी पाठ दुखली होती का? लहान मुलांशी, मांजराशी कसा वागतो? एकटा किती वेळ राहतो? आणि त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसापाशी जरा जास्त वेळ थांबा.

नमस्कार.