उपनगरात भाव पडत नाहीत, घरं पडून राहतात

नमस्कार मंडळी. मी एजंट आहे, शहराच्या कडेकडेची घरं विकतो, आणि मला रोज एकच प्रश्न येतो: “मार्केट कसं आहे?” विचारणाऱ्याला घर विकायचंय की घ्यायचंय, हे आवाजावरूनच कळतं. विकणाऱ्याला तेजी ऐकायची असते, घेणाऱ्याला मंदी. मी दोघांनाही सांगतो, भाव नका विचारू, दिवस विचारा. घर बाजारात आल्यापासून टोकन मिळेपर्यंत किती दिवस गेले?

का, ते बघा. शेअर पडला की लगेच स्क्रीनवर दिसतं. घराचं तसं नसतं. गिऱ्हाईक आटलं की मालक भाव उतरवत नाही, तो थांबतो. “मला काही घाई नाही,” हे वाक्य मी मंदीत जितकं ऐकतो तितकं तेजीत कधीच ऐकत नाही! आणि हा फक्त माझा अनुभव नाही. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांचा. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भावात विकावं लागणार होतं, ते मालक तशाच दुसऱ्या फ्लॅटपेक्षा जास्त भाव सांगत होते आणि त्यांचे फ्लॅट जास्त काळ पडून राहत होते. घेणाऱ्याला मात्र तुम्ही ते केवढ्याला घेतलं होतं याच्याशी काहीही देणंघेणं नसतं.

म्हणून मंदी आधी सौद्यांच्या संख्येत दिसते. जाहिरातीतले भाव तसेच, साइट व्हिजिट अर्ध्यावर. भावाचा नंबर येतो तो सगळ्यात शेवटी.

आता गिऱ्हाईक आटतं कशाने? बऱ्याचदा व्याजाने. २० वर्षांचं कर्ज घ्या. दर ७ टक्क्यांवरून ९ वर गेला तर हप्ता साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. पगार तर तेवढाच आहे. म्हणजे हप्ता तोच ठेवायचा असेल तर कर्ज जवळपास १४ टक्के कमी मिळणार. उपनगरात येणारा माणूस बहुतेक वेळा कर्ज काढूनच येतो, त्यामुळे हा फटका आम्हाला आधी बसतो. परवापर्यंत तीन खोल्या बघणारी पार्टी आज दोन खोल्या बघते, नाहीतर आणखी दोन स्टेशनं पुढे सरकते.

पुढे सरकते म्हणजे किती? इथे लोक किलोमीटर मोजतात आणि चुकतात. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं की माणूस दिवसाकाठी सरासरी तासभर प्रवासात घालवतो. वाहनं वेगवान झाली की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. रेल्वे आली, उपनगरं पसरली. मोटार आली, आणखी पसरली. २०२० नंतर मात्र हे गणितच फिरलं, कारण बऱ्याच जणांना ऑफिसला रोज जायची गरज उरली नाही. आठवड्यात पाच दिवस, एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे एकूण ४५० मिनिटं. दोनच दिवस, पण एका बाजूला दीड तास, म्हणजे ३६० मिनिटं. लांबचं घर चक्क जवळ आलं! फक्त एक लक्षात ठेवा, उद्या कंपनीने पाचही दिवस बोलावलं तर ३६० चे ९०० होतात. कंपनीचं धोरण बदलतं, घर जागेवरून हलत नाही. म्हणून मी आता घेणाऱ्याला बजेटच्या आधी विचारतो, ऑफिस किती दिवस?

दुसरी गोष्ट, उपनगरात पलीकडे कायम मोकळी जमीन असते. तुमचं दहा वर्षं जुनं घर शेजारच्या जुन्या घराशी स्पर्धा करत नाही, पलीकडे उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीशी करतं. आणि बिल्डर हुशार असतो. तो दर कमी करत नाही, कारण आधी घेतलेले लोक दारात येऊन उभे राहतील. तो पार्किंग देतो, किचन लावून देतो, नोंदणीचा खर्च उचलतो. कागदावर दर तोच. मालक तो दर बघतो आणि म्हणतो, “बघा, भाव तर टिकलाय.” त्या मालकाला समजावण्यात माझी पूर्ण दुपार जाते.

आता माझ्याबद्दल, म्हणजे एजंटबद्दल. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी शिकागोभोवतीच्या उपनगरांतले जवळपास एक लाख सौदे तपासले, २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा त्याला ३.७ टक्के जास्त भाव मिळतो आणि ते घर साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतं. गिऱ्हाइकाच्या घराच्या वेळी मात्र “आलेली ऑफर सोडू नका” असा सल्ला! टोचतं, पण हिशेब खरा आहे. कमिशन दोन टक्के धरलं तर वाढलेल्या शंभरातले माझ्याकडे दोन येतात, आणि जास्तीच्या फेऱ्या सगळ्या माझ्या.

तर एजंट घाई करतोय, मालक थांबलाय, बिल्डर दर लपवतोय. म्हणून तारीख विचारा. आमच्या धंद्यातली एक युक्तीही सांगून ठेवतो. घर फार दिवस पडून राहिलं की जाहिरात काढायची, चार दिवसांनी नवे फोटो टाकून पुन्हा लावायची. नवीन घर! त्यामुळे “जाहिरात कधीची” असं विचारू नका. “हे घर पहिल्यांदा विकायला कधी काढलं, आणि मध्ये एजंट बदलला का?” असं विचारा. वॉचमनला विचारा, शेजाऱ्यांना विचारा. मला विचारलंत तर मीही सांगेन. कुरकुरत सांगेन.