कोण बोलतंय, कुणाशी?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यासमोर रेडिओचा संच असेल, तर त्याच्याकडे एकदा बघा. तो नुसता ऐकतो. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, पण तुम्ही किती वाजता लावलात, मध्येच कधी बंद केलात, यातलं काहीही तो कुणाला कळवत नाही. त्याला ते जमतच नाही. इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरचं तसं नसतं. तो ऐकतो तसा बोलतोही, आणि तुम्ही कीबोर्डला हात न लावता बसून राहिलात तरी त्याचं बोलणं चालूच असतं. हे बोलणं नेमकं कोण करतं, कुणाशी करतं आणि त्यातलं किती चालू द्यायचं, हे ठरवायचा हक्क कॉम्प्युटरच्या मालकाचा आहे. तो हक्क ज्याच्या जोरावर बजावता येतो, त्या पर्सनल फायरवॉलबद्दल आज बोलायचं आहे.

नेटवर्कवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि बहुतेक वेळा दोन्हीकडचा पोर्ट नंबर असतो, म्हणजे पाकीट त्या कॉम्प्युटरवरच्या कोणत्या कामासाठी आहे ते सांगणारा आकडा. हे नंबर 0 पासून 65,535 पर्यंत. सुरक्षित वेबसाइट बहुतेक वेळा 443 वर, साइटच्या नावावरून पत्ता विचारायचा तो 53 वर, विंडोजमधलं फाइल शेअरिंग 445 वर. फायरवॉल पाकिटावरचा हा मजकूर वाचते, आपल्या नियमांशी ताडून बघते आणि सोडते किंवा अडवते. तुम्ही स्वतः एखादी साइट उघडलीत तर तिचं उत्तर आत येऊ दिलं जातं, कारण विचारणा आतून झाली होती हे फायरवॉलच्या लक्षात असतं. न बोलावता आलेलं पाकीट मात्र बाहेरच राहतं.

एवढं काम तर राउटरही करतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण राउटरला फक्त दिसतं की या कॉम्प्युटरकडून एक पाकीट निघालं. ते कोणत्या प्रोग्रामने पाठवलं, ते त्याला कळत नाही. ब्राउझरने, की गेल्या वर्षी कधीतरी उतरवलेल्या आणि आता विसरलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने? हे सांगू शकते ती कॉम्प्युटरच्या आतच बसलेली पर्सनल फायरवॉल. माझ्या मते तिची खरी किंमत इथे आहे.

आत येणाऱ्या जोडण्या रोखण्याचं महत्त्व जगाला 2003 च्या ऑगस्टमध्ये कळलं. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, तेव्हा पसरला. कुणी मेल उघडायची गरज नाही, फाइल उतरवायची गरज नाही. इंटरनेटला जोडलेल्या विंडोजच्या 135 नंबरच्या पोर्टवर तो थेट यायचा. पडद्यावर एक खिडकी उघडायची, 60 सेकंदांची उलटी गणती सुरू व्हायची आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजमधली ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, आधीच, जुलैमध्ये निघाला होता. पण तो उतरवून घेण्याआधीच मशीन बंद पडायचं. म्हणून लोकांना सांगितलं गेलं, आधी फायरवॉल चालू करा, मग पॅच उतरवा. तेव्हाच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होतीच, फक्त ती सुरुवातीपासून बंद ठेवलेली होती! पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक 2 हा सुधारणांचा संच आला आणि तेव्हापासून ती आपोआप चालू राहू लागली. तरीही 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा दुसरा वर्म आला तो 445 वरून, आणि तोही पॅच निघून दोन महिने झाल्यावर.

त्यामुळे पहिली विनंती: तुमची फायरवॉल चालू आहे ना, ते बघा. प्रिंटर सापडेना, गेम जोडला जाईना, म्हणून कुणीतरी ती ‘थोडा वेळ’ बंद करतं आणि मग ती महिनोन् महिने तशीच राहते. अडचण एका प्रोग्रामची असेल तर त्या एकाला परवानगी द्यावी, सगळी फायरवॉल उतरवू नये. आणि बाहेरच्या कुठल्याही वाय-फायला जोडताना विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदवा. तुमच्या फाइली शेजारच्या अनोळखी कॉम्प्युटरला दिसू नयेत, यासाठीच ती सोय आहे.

आता दुसरी बाजू, बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची. इकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. विंडोजची फायरवॉल आत येणारं अडवते, पण बाहेर जाणारं, तुम्ही वेगळा नियम केला नसेल तर, सगळं सोडते. मॅकमधली अंगची फायरवॉल आत येणाऱ्या जोडण्यांपुरतीच आहे. म्हणून ज्यांना बाहेर जाणाऱ्यांवरही लक्ष ठेवायचं आहे ते वेगळं सॉफ्टवेअर घेतात: मॅकवर लिटल स्निच किंवा मोफत मिळणारं लुलू, लिनक्सवर ओपनस्निच, विंडोजवर सिंपलवॉल.

मी अशी फायरवॉल पहिल्यांदा बसवली ती संध्याकाळ मला चांगली आठवते. दर थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडायची. प्रोग्रामचं नाव, तो कोणत्या फोल्डरमधून चालतोय, कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर जायचंय, आणि खाली दोन बटणं: जाऊ द्या, अडवा. त्यात फोटोंची पीडीएफ करून देणारा एक छोटासा प्रोग्राम होता. फोटो माझ्या डिस्कवर, पीडीएफही माझ्याच डिस्कवर. त्याला बाहेर काय काम? तरी उघडला की दर वेळी तो 443 वरून कुठेतरी जोडायला बघायचा. मी अडवलं. पीडीएफ पहिल्यासारखीच होत राहिली. तो काय पाठवत होता ते मला कळायचा मार्ग नव्हता, कदाचित नवी आवृत्ती आली का एवढंच विचारत असेल. पण त्या दिवसापर्यंत तो कुणाशी तरी बोलतो, हेच मला माहीत नव्हतं, आणि मला ते फार लागलं.

ही चौकट उघडली की घाई करू नका. मी तेव्हा काय करत होतो, हे आधी आठवा. तुम्ही नुकताच अपडेटचा मेनू दाबला असेल तर विचारणा साहजिक आहे. काहीच केलं नसेल, आणि प्रोग्राम डाउनलोडच्या किंवा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून चालत असेल, तर अडवा. शंका असेल तेव्हा ‘फक्त या वेळेपुरतं’ हा पर्याय निवडा, कायमचा नियम नंतरही करता येतो. नव्याने वापरणाऱ्यांचं बहुधा एका ठिकाणी अडतं. विंडोजमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाची अनेक सेवांना सामावणारी प्रक्रिया असते. नाव अनोळखी वाटतं म्हणून ती अडवली की साइटच्या नावांचे पत्तेच मिळेनासे होतात आणि सगळं इंटरनेट गेल्यासारखं वाटतं. घाबरू नका, तेवढा एक नियम पुसला की सगळं पूर्ववत होतं.

फायरवॉलकडून भलती अपेक्षाही ठेवू नका. खोट्या साइटवर तुम्ही स्वतःच पासवर्ड लिहिलात, तर फायरवॉलला त्यात वावगं काही दिसत नाही. ब्राउझरला परवानगी तुम्हीच दिलेली असते. शिवाय काही प्रोग्राम बसवले जातानाच स्वतःसाठी परवानगीचा नियम लिहून ठेवतात. म्हणून नियमांची यादी अधूनमधून उघडा आणि जे सॉफ्टवेअर तुम्ही केव्हाच काढून टाकलंय त्याचे नियमही काढा.

काही नवं बसवायच्या आधी तुमचा कॉम्प्युटर आत्ता कुणाशी बोलतोय, ते बघायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या. विंडोज असेल तर सगळे प्रोग्राम बंद करा आणि कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून आदेश द्यायची खिडकी, उघडा. तिथे लिहायचं ‘नेटस्टॅट’, मग एक जागा सोडायची, मग आडवी छोटी रेघ, आणि तिला चिकटून तीन अक्षरं, ए, एन, ओ. एंटर दाबा. ओळींची लांबलचक यादी येईल. ज्या ओळीत ‘एस्टॅब्लिश्ड’ लिहिलंय ती जोडणी या क्षणी चालू आहे. त्या ओळीच्या शेवटी एक आकडा आहे, तो लिहून घ्या. मग टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’मध्ये जा आणि पीआयडीच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या क्रमांकाच्या, रकान्यात तोच आकडा शोधा. त्याच्या डावीकडे प्रोग्रामचं नाव आहे.

पुन्हा एकदा, सावकाश सांगतो: एन, ई, टी, एस, टी, ए, टी. जागा. आडवी रेघ. ए, एन, ओ.

नमस्कार.